चार अंशांवर अडकलेला मास्तर

परभणीचा पारा चार अंशांवर आला की आपण स्टेटस टाकतो आणि शेकोटी शोधतो. याच चार अंशांचा पुरावा देणारा माणूस तुम्हाला दहावीत भेटलाय. होपचं उपकरण आठवतंय? तोच तो, थॉमस चार्ल्स होप.

जन्म १७६६चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पोरगा मात्र रसायनशास्त्राकडे वळला. फटाक्यांना लाल रंग देणाऱ्या स्ट्रॉन्शियमच्या शोधातही त्याचा वाटा आहे.

पण त्याचं नाव पाण्यामुळं राहिलं. गार होताना वस्तू आकसते, घनता वाढते. पाणी मात्र चार अंशांच्या खाली उलट फुगतं, असं काहींना दिसलं होतं. इतरांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, पाणी फुगत नाही, काचेचं भांडं आकसतं. शंका रास्तच होती. १ लिटर पाणी ४ अंशांना ९९९.९७ ग्रॅम भरतं, ० अंशांना ९९९.८४. आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांना ९९२.२. आलेख काढून बघा, चार अंशांजवळचा उंचवटा दिसतसुद्धा नाही!

मग होपनं आकारमान मोजायचंच सोडलं. उंच भांड्यात पाणी, वर-खाली एकेक थर्मामीटर आणि मधोमध बाहेरून बर्फ. जड पाणी खाली जाणार, हलकं वर राहणार, एवढाच हिशेब. आधी खालचा पारा उतरला आणि चारच्या आसपास अडकला. मग वरचा घसरला, चारच्याही खाली. म्हणजे सगळ्यात जड पाणी चार अंशांचं. भांडं आकसलं तरी निकाल तोच! वेळ आणि तापमानाच्या आलेखावर दोन्ही रेषा चारवरच एकमेकींना छेदतात. हे संशोधन १८०५ साली छापून आलं.

पुढं होप शिकवण्यातच रमला. डॉक्टरकी शिकायला आलेल्या चार्ल्स डार्विनला त्याचे तास आवडायचे. १८२६ मध्ये त्यानं महिलांसाठीही व्याख्यानं दिली. १८४४ मध्ये तो गेला.

आता खरं सांगा, तुम्ही हा प्रयोग केला होता, की आकृती काढून रीडिंग उतरवून घेतली होती? मी उतरवली होती. मार्क मिळाले, पण पारा अडकताना कधी पाहिला नाही. तुमच्या धाकट्या भावंडाची दहावी असेल तर शाळेत सरांना विचारा. दोन थर्मामीटर, एक उंच भांडं, बर्फ आणि मीठ. रीडिंग पुस्तकासारखी आली नाही तरी खोडू नका. भांड्यावरची शंका लोकांनी सोडून दिली असती, तर होपला हा प्रयोग सुचलाच नसता.