‘गुळाचा गणपती’ गाजवून पु. ल. नाटकाकडे वळले, ते थेट १९९२ ला पटकथेकडे परतले

सांगलीच्या विश्रामबागमधलं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जन्मलेले पु. ल. देशपांडे पुढे या कॉलेजात शिकले.

१९४८ च्या ‘वंदे मातरम्’मध्ये ते पत्नी सुनीताबाईंसोबत पडद्यावर दिसले. १९५३ ला आला ‘गुळाचा गणपती’. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सगळं एकट्या पुलंचं! आता हा माणूस सिनेमातच राहणार, असं कुणालाही वाटलं असतं.

झालं उलटंच. १९५७ ला ‘तुझे आहे तुजपाशी’ रंगभूमीवर आलं. मग ‘बटाट्याची चाळ’मध्ये त्यांनी एकट्याने अख्खी चाळ उभी केली. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ लिहिलं, त्यातून भक्ती बर्वे घराघरात पोचल्या.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा पटकथा लिहिली. जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’, नायक लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा स्टार होतो, राजकारणात ओढला जातो आणि स्वतःचं हसू हरवून बसतो.

आयुष्यभर महाराष्ट्राला हसवणाऱ्या पुलंनी शेवटी हसवणाऱ्याचं दुःख लिहिलं. १२ जून २००० ला ते गेले.