लक्षावधींचा धर्मनिधी उभारणारे निष्कांचन सत्पुरुष : संत गाडगे महाराज

पाबळ पंचक्रोशीतून आळंदी-देहूच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी अनेकांनी तेथील गाडगे महाराजांची धर्मशाळा पाहिली असेल. ज्या पुरुषाने अशा वास्तू उभारल्या, त्याने स्वतःसाठी मात्र एक खोलीही बांधली नाही.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. पितृछत्र लवकर हरपल्याने ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांकडे वाढले. मामांची शेती सावकाराच्या कागदात अडकून गेली. कागदावर काय लिहिले आहे हे न कळणाऱ्या माणसाची काय दशा होते, हे त्यांनी कोवळ्या वयातच पाहिले. पुढे कीर्तनातून शिक्षणाचा आणि कर्ज न काढण्याचा आग्रह त्यांनी जन्मभर धरला, त्याचे मूळ बहुधा येथेच असावे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे. ऋणमोचन येथे पूर्णा नदीच्या चिखलात यात्रेकरू घसरत. तेथे त्यांनी प्रथम स्वतः माती ओढण्यास आरंभ केला. लोक आपोआप येऊन मिळाले आणि घाट उभा राहिला. स्वयंसेवक जमविण्याची त्यांची रीत पुढेही हीच राहिली. गावात शिरताच ते कोणास न सांगता रस्ता झाडू लागत. दुपारपर्यंत निम्मे गाव झाडू घेऊन बाहेर पडे व रात्री तेच लोक कीर्तनास बसत. हुकूम सोडून माणसे कामास लागत नाहीत, हे कार्यालयात बसणाऱ्या आम्हा मंडळींना उशिरा उमगते!

त्यांच्या शब्दाखातर दाते सढळ हाताने देत. त्यातून पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळा, तसेच मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा उभा राहिला. हा पैसा ते स्वतःजवळ ठेवीत नसत. व्यवहार विश्वस्तांच्या हाती सोपवीत. या मालमत्तेवर आपल्या वा आपल्या वारसांचा कोणताही हक्क राहू नये, याविषयी ते कमालीचे कठोर होते. पत्नी कुंताबाई व मुले यांच्या वाट्याला त्यामुळे दारिद्र्यच आले. १९२३ मध्ये एकुलता एक पुत्र गोविंद निवर्तला, तेव्हाही महाराज घरापासून दूर कीर्तनसेवेत होते आणि त्यांनी ती सेवा थांबविली नाही. वाचताना मन कष्टी होते. देणगीदाराचा विश्वास राखण्याची एवढी किंमत कुटुंबाने मोजावी काय, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

१९४९ मध्ये त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली. बांधण्यास कष्ट पडलेली वास्तू अधिक गरजूंच्या हाती देताना त्यांचा हात आखडला नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन विखुरलेल्या संस्थांना एक व्यवस्था लाभली.

आपले मंदिर बांधू नये, आपणास कोणी गुरू म्हणू नये, असे ते सांगत. पाया पडू पाहणाऱ्यास दूर सारीत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे मोटारीने जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावती येथील गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.