विश्लेषण : इरावती कर्वे आणि ‘सरासरी’चा धडा

भामरागडमधील माडिया आणि जिवतीतील कोलाम यांची नोंद सरकारी तक्त्यात ‘अनुसूचित जमाती’ या एकाच रकान्यात होते. चंद्रपूर-गडचिरोलीत समाजकार्यात पीएच.डी. करणाऱ्यापुढे मग प्रश्न उभा राहतो : सरासरी काढायची ती नेमकी कोणाची? मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे संशोधन इथे वाट दाखवते.

कोण होत्या इरावतीबाई?

जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे. शिक्षण पुण्यातील हुजूरपागा आणि फर्ग्युसन कॉलेजात. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. केल्यावर १९२८ मध्ये त्या जर्मनीला गेल्या.

बर्लिनमध्ये काय घडले?

मार्गदर्शक होते वंशवादी विचारांचे ऑयगेन फिशर. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता वंशानुसार बदलते, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध आढळला नाही. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

महाराष्ट्रात त्यांनी काय मोजले?

१९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. वि. म. दांडेकर यांच्यासह केलेला महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्राह्मण किंवा कुणबी या एका नावाखालील सगळे एकच मानायचे का, हा त्यांचा प्रश्न होता. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे मत त्यांनी नाकारले. आपापसातच लग्न करणारे वेगवेगळ्या मुळांचे समूह एका नावाखाली आले, असे त्यांचे म्हणणे होते.

संशोधकाला त्याचा उपयोग काय?

समजा, सारख्याच लोकसंख्येच्या दोन पाड्यांपैकी एकावर लोक सरासरी २ वर्षे शाळेत गेले, दुसऱ्यावर ८ वर्षे. एकत्रित सरासरी येते ५. पण ती दोन्ही पाड्यांना लागू पडत नाही. त्या आकड्यावर योजना आखली, तर मागे राहिलेला पाडा मागेच राहतो. म्हणून सरासरीबरोबर आकड्यांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, पाहावे लागते. गटातील फरक किती आणि दोन गटांमधील किती, हेही तपासावे लागते.

कोयना धरणग्रस्तांच्या सर्वेक्षणापर्यंत इरावतीबाईंचे क्षेत्रकार्य सुरू होते. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. ‘युगान्त’मुळे त्या घरोघरी पोहोचल्या, पण आधी गट नीट ओळखा, मग आकडे मांडा, हा त्यांचा धडाही तितकाच मोलाचा आहे.