पटावरचा सुलतान

सावदा - बुद्धिबळाचे नियम शिकून झाले, चार-सहा महिने खेळून हात जरा बसला, की हौशी खेळाडूपुढे पहिला डोंगर उभा राहतो तो सुरुवातीच्या चालींचा. ओपनिंगची नावे शेकडो, त्यांच्या उपशाखा हजारो आणि प्रत्येकीवर स्वतंत्र पुस्तक. सावदा-रावेरपासून जळगाव-धुळ्यापर्यंत केळीचा हंगाम, दुकान किंवा नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर पट मांडणाऱ्या खेळाडूला साहजिकच प्रश्न पडतो, की हे सारे पाठ कधी करायचे आणि करून उपयोग किती? त्याचे उत्तर शोधणाऱ्याने एका माणसाचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे. या माणसाला ओपनिंगचे पुस्तकी ज्ञान जवळपास नव्हते आणि तरीही त्याने माजी जगज्जेत्याला हरविले. मात्र त्या उणिवेची किंमतही त्याला चुकवावी लागली. त्याचे नाव मीर सुलतान खान.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत अखंड पंजाबातील मिठा तिवाना या गावी सुलतान खान यांचा जन्म झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. घराणे धार्मिक वृत्तीचे. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना पटाची ओळख करून दिली. एकविसाव्या वर्षापर्यंत पंजाबातील सर्वांत बलवान खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले. त्या भागातील मोठे जमीनदार नवाब सर उमर हयात खान तिवाना यांनी त्यांना आश्रय दिला. पुढे विलायतेतील वृत्तपत्रांनी सुलतान खान यांना नवाबांचा नोकर ठरवून टाकले. या चित्रणावर त्यांच्या कुटुंबीयांनी अलीकडच्या काळात आक्षेप घेतला आहे. नोकर म्हणा वा आश्रित, त्यांच्या खेळाची दोरी नवाबांच्या हाती होती, एवढे मात्र खरे.

सुलतान खान जो खेळ शिकले तो देशी बुद्धिबळाचा. आपल्याकडे वाडवडिलांच्या पिढीने हा खेळ पाहिलेला आहे. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. राजाला किल्लेकोट नसतो, त्याऐवजी शह मिळालेला नसेल तर एकदा घोड्याप्रमाणे उडी मारता येते. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या रांगेत असेल तोच मोहरा होते. प्रांतागणिक नियमांत थोडाफार फरक असे, पण खेळाची चाल सर्वत्र सावकाश. दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडायलाच बऱ्याच चाली लागत. त्यामुळे पहिल्या दहा चालींत डाव जिंकणे वा हरणे हा प्रकार दुर्मिळ होता. खरी परीक्षा मध्य डावात आणि त्याहून अधिक शेवटच्या मोजक्या मोहऱ्यांच्या झुंजीत होई. १८१४ मध्ये मुंबईत छापला गेलेला त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथही मुख्यतः पटावरील अवघड स्थिती आणि त्यांची उकल यांनाच वाहिलेला होता. सुरुवातीच्या चालींचे शास्त्र ही युरोपची कमाई होती.

हे नवे नियम सुलतान खान यांनी विशी उलटल्यावर आत्मसात केले. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धेत आठ विजय आणि एक बरोबरी मिळवून ते विजेते झाले. पुढच्याच वर्षी नवाबांनी त्यांना लंडनला नेले.

तेथे त्यांच्या सरावासाठी मुद्दाम एक छोटी स्पर्धा भरविण्यात आली आणि तीत त्यांची कामगिरी अगदीच सुमार झाली. कारण उघड होते. प्रतिस्पर्धी पहिल्या दहा-बारा चाली पुस्तकातून आणत, सुलतान खान यांना त्या प्रत्येक डावात नव्याने शोधाव्या लागत. इंग्रजीचे ज्ञान जेमतेम, त्यामुळे ग्रंथ हाताशी असूनही नसल्यासारखे. मोहरे बाहेर काढायला उशीर होई, राजा मध्येच अडकून पडे आणि मध्य डाव सुरू होण्याआधीच पारडे समोरच्या बाजूला झुकलेले असे.

या वेळी विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स हे दोन इंग्रज खेळाडू मदतीला आले. त्यांनी सुलतान खान यांच्याबरोबर सराव करून त्यांची तयारी करून घेतली. हाताशी अवघे काही आठवडे होते. एवढ्या अवधीत शेकडो शाखा कोणाच्याही पाठ होत नाहीत. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सर्वांना चकित करीत सुलतान खान यांनी ती जिंकली. ही स्पर्धा ते एकूण चार वेळा खेळले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा विजेते ठरले.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला डाव १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील आहे. समोर होते होजे राऊल कापाब्लांका, १९२१ ते १९२७ या काळातील जगज्जेते. सुलतान खान पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. कापाब्लांका यांनी जो बचाव निवडला त्याचे नाव क्वीन्स इंडियन. इंडियन हा शब्द ओपनिंगच्या शास्त्रात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात झालेल्या डावांमुळे. मोहेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली खेळाडू जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध देशी वळणाने, प्यादी एकेक घर सरकवत खेळत. त्यावरून या बचावांना इंडियन म्हटले जाऊ लागले. म्हणजे हेस्टिंग्जमध्ये क्यूबाचा माजी जगज्जेता भारतीय नावाच्या बचावाने एका भारतीयाशी लढत होता.

पाचव्या चालीत सुलतान खान यांनी वजिराच्या बाजूचे, हत्तीपुढील टोकाचे प्यादे एकच घर पुढे सरकवले. वरवर पाहता ही चाल वेळ दवडणारी वाटते. कोणताही मोहरा बाहेर येत नाही, शह नाही, धमकी नाही. पण तिचा हेतू पक्का आहे. काळ्या उंटाने पुढे येऊन पांढऱ्या घोड्याला जखडावे, ही त्या बचावातील मुख्य कल्पना; ते घरच या प्याद्याने बंद होते. पुढे हीच कल्पना १९६३ मध्ये जगज्जेते झालेल्या टायग्रन पेट्रोशियन यांच्या नावाने ओळखली गेली आणि गॅरी कास्पारोव्ह यांनी ती मोठ्या यशाने वापरली. सुलतान खान यांना ती सुचण्यासाठी त्या नावाची गरज पडली नाही. समोरच्याला काय हवे आहे हे त्यांनी ओळखले आणि ते त्याला मिळू दिले नाही. ६५ चालींनंतर कापाब्लांका हरले.

ओपनिंग समजणे म्हणजे काय, हे या एका चालीतून लक्षात येते. मधल्या चार घरांवर ताबा, घोडे व उंट वेळेवर बाहेर, राजा सुरक्षित, ही तत्त्वे प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतात. त्यापुढचा प्रश्न असा, की या सुरुवातीतून कोणत्या प्रकारचा मध्य डाव उभा राहणार आणि त्यात कोणता मोहरा कोठे हवा? ज्याला हे कळते, त्याच्यासमोर पाठ नसलेली चाल आली तरी तो गांगरत नाही. ज्याने केवळ पाठांतर केले, त्याचा डाव पाठांतर संपते तेथेच अडतो.

मात्र या चरित्राचा अर्थ, ओपनिंग शिकण्याची गरजच नाही, असा काढणे चुकीचे ठरेल. सुलतान खान यांनी इंग्लंडकडून पहिल्या पटावर तीन ऑलिंपियाड खेळली. १९३१ मध्ये प्राग येथे त्यांनी आठ विजय, सात बरोबरी आणि केवळ दोन पराभव अशी कामगिरी केली. अकिबा रुबिनस्टाइन आणि सॅलो फ्लोर यांना त्यांनी हरविले, तत्कालीन जगज्जेते अलेखाइन यांना बरोबरीत रोखले. टार्टाकोवर यांच्याविरुद्धची लढतही त्यांनी जिंकली. पण सुरुवातीला बिघडलेला डाव तासन् तास सावरत बसणे हे त्यांच्या नशिबी वारंवार येई. तब्येतही साथ देत नव्हती. मलेरिया, सर्दी, घशाचे विकार यांनी ते हैराण असत. गळ्याला पट्टी गुंडाळूनही त्यांना पटावर बसावे लागे. जे इतरांना ग्रंथातून आयते मिळे, ते त्यांना स्वतःच्या श्रमातून उभे करावे लागत होते.

१९३३ च्या डिसेंबरमध्ये नवाब मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही. पाच वर्षांहून कमी काळाची त्यांची युरोपातील कारकीर्द संपली. १९३५ मध्ये मराठी बुद्धिबळपटू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांची दहा डावांची लढत झाली. सुलतान खान यांनी तीत एकच बरोबरी दिली, बाकी सर्व डाव जिंकले. त्यानंतर मोठ्या स्पर्धांच्या जगाला ते जवळजवळ दिसलेच नाहीत. नवाबांचे १९४४ मध्ये निधन झाले. सुलतान खान यांच्या वाट्याला थोडी जमीन आली आणि ते शेती करीत राहिले. आपल्या मुलांनी बुद्धिबळात आयुष्य घालवू नये, दुसरे काही उपयोगी काम करावे, असे त्यांचे मत होते. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयरोगाने त्यांचा मृत्यू झाला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये ग्रँडमास्टर ही पदवी सुरू केली, तेव्हा त्यांची आठवण कोणी ठेवली नाही. २०२४ मध्ये मानद ग्रँडमास्टर म्हणून त्यांचा गौरव झाला, तोपर्यंत त्यांना जाऊन जवळपास ५८ वर्षे लोटली होती.

आज सावद्यातील शाळकरी मुलालाही मोबाइलवर जगातील कोणतीही ओपनिंग क्षणात पाहता येते, तीही मराठी वा हिंदीतून समजावून घेता येते. सुलतान खान यांना जे मिळवण्यासाठी लंडन गाठावे लागले आणि तेही नवाबांच्या मर्जीने, ते आता खिशात आहे. त्यांच्यापाशी होते ते मात्र असे आयते मिळत नाही. पांढऱ्यासाठी एक आणि काळ्यासाठी दोन सुरुवाती निवडाव्यात, त्यांतील प्रत्येक चालीमागचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नये आणि उरलेला वेळ शेवटच्या डावांच्या अभ्यासाला द्यावा. नोकरी-शेती सांभाळून तासभर खेळणाऱ्या हौशी खेळाडूला एवढे पुरेसे आहे. नावे आणि शाखा मागाहून शिकता येतील.