आंतोनियो दो पोर्तो आणि मंडपेश्वरचा मठ

आम्हा मांजर्लीकरांना अंबरनाथचे इ. स. १०६० मधील शिवमंदिर सुपरिचित आहे. बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे त्याहूनही जुने. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो पोर्तुगालहून वसई-साष्टीत आले. त्यांनी या शैव लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर केले. पुढे लेण्याच्या माथ्यावर मठ व विद्यालय उभे राहिले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी व वसई मराठ्यांनी जिंकली. कालांतराने मठाचे भग्नावशेष उरले. लेण्यात आज पुन्हा शिवपूजा होते, आणि जुने शिल्प तासून कोरलेला क्रूसही तेथे दिसतो. फादर आंतोनियो यांच्या कष्टांचे आम्ही स्मरण करतो. परंतु परधर्मातील पावित्र्याचा आदर करावा, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ ची शिकवण त्या क्रूसापुढे आम्हांला अधिकच आठवते.