शिकतां शिकतां शिकविणाऱ्या अनुताई वाघ

दहावीचा निकाल लागला म्हणजे दरसाल दोनचार विद्यार्थी शाळेच्या पायऱ्यांवर रेंगाळतांना आम्हांस दिसतात. गुण बरे मिळालेले असतात. पण घरची ओढाताण अशी असते कीं, पुढें कॉलेजांत जावें कीं कोठें चाकरी धरावी, हा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसतो. चाकरी धरली म्हणजे शिक्षण संपलें, आणि शिक्षण धरलें म्हणजे घरची चूल थंडावली, अशी समजूत आपल्या समाजांत खोल रुजलेली आहे. ही समजूत किती कच्ची आहे, हें एका शिक्षिकेच्या चरित्रावरून दाखवावें या हेतूनें आम्ही प्रस्तुत लेख लिहीत आहों. त्या शिक्षिका म्हणजे कै. अनुताई वाघ.

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील आमच्या वाचकांस अनुताई परक्या नाहींत. त्यांचें कार्यक्षेत्र जो डहाणू तालुका, तो आज पालघर जिल्ह्यांत मोडत असला तरी १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्याचाच भाग होता. डोंबिवलीकरांनीं कोपर स्टेशनावर दिवा-वसई मार्गाची गाडी धरावी, वसईस उतरून डहाणूपलीकडे जाणाऱ्या गाडींत बसावें, म्हणजे कांहीं तासांत घोलवडचें स्टेशन येतें. एका बाजूस समुद्र व चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूस टेकड्या व वारल्यांचे पाडे, असा तो मुलूख आहे. तेथें या बाईंनीं आयुष्याचीं सत्तेचाळीस वर्षें वेंचलीं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजीं पुणें जिल्ह्यांतील मोरगांव येथें झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणें तेराव्या वर्षींच त्यांचें लग्न झालें, आणि सहा महिने लोटतात न लोटतात तोंच त्यांस वैधव्य आलें. आमच्या आठवीच्या वर्गांतील विद्यार्थिनींनीं आपल्या वयाकडे पाहून या गोष्टीचा क्षणभर विचार करावा. अशा मुलीच्या वाट्यास त्या वेळीं बहुधा घराचा एक कोपरा व चार लोकांची कींव, एवढेंच येत असे. अनुताईंच्या वाट्यास सुदैवानें पाटीपुस्तक आलें. त्यांचें शिक्षण पुनः सुरू झालें, आणि १९२५ सालीं व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेंत त्या नाशिक जिल्ह्यांत पहिल्या आल्या. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा. ती पुरी झाली कीं प्राथमिक शिक्षकाच्या पेशाचें दार उघडे. पुढें पुण्यास शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजांत राहून त्यांनीं प्राथमिक शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला, व १९२९ सालीं तेथेंहि पहिला क्रमांक मिळविला. त्या वेळीं त्यांस एकोणीस वर्षें पुरीं झालीं होतीं.

सनद हातीं आली, नोकरी मिळाली, आतां आणखी काय पाहिजे, असें पुष्कळांस वाटलें असतें. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्यांत चार वर्षें गांवच्या शाळेंत शिकविल्यावर १९३३ सालीं अनुताई पुण्यास हुजूरपागेच्या प्रसिद्ध कन्याशाळेंत आल्या. १८८४ सालीं स्थापन झालेल्या या शाळेंत नोकरी मिळणें ही लहान गोष्ट नव्हती. परंतु आपल्यापाशीं मॅट्रिकचें शिक्षणहि नाहीं, ही उणीव त्यांस टोंचत होती. म्हणून त्यांनीं रात्रशाळेंत नांव घातलें. दिवसा ज्या बाई फळ्यापाशीं उभ्या राहून मुलींस धडे देत, त्याच बाई रात्रीं बांकावर बसून दुसऱ्यांचे धडे घेत. सकाळीं आपल्या वर्गांतील एखादी मुलगी गणित चुकली तर त्या चुकीचें दुःख काय असतें, हें अशा शिक्षिकेस पुस्तकांत पाहण्याची गरज उरत नाहीं. १९३७ सालीं, सत्ताविसाव्या वर्षीं, त्या मॅट्रिक झाल्या.

काम करीत करीत शिक्षकाचा पेशा शिकणें ही कांहीं नवी कल्पना नव्हे. इंग्लंडांत १८४६ सालीं सरकारनें अशी योजना काढली होती कीं, तेरा वर्षांच्या हुशार मुलास किंवा मुलीस पांच वर्षें मुख्याध्यापकाच्या हाताखालीं उमेदवार म्हणून ठेवावें. त्यानें वर्गांत शिकवावें, शाळेच्या वेळेबाहेर स्वतः शिकावें, आणि त्याबद्दल त्यास थोडें वेतनहि मिळावें. त्याच देशांत आतां शाळेंत काम करून पगार घेत असतांनाच पदवी व शिक्षकाची पात्रता दोन्ही मिळवितां येतील, असा मार्ग नव्यानें सुरू करण्यांत आला आहे. सुतार जसा सुताराजवळ बसून रंधा धरावयास शिकतो, तसाच शिक्षक शिक्षकाजवळ राहून व मुलांत वावरून शिकतो, हें यांतील मुख्य तत्त्व होय. अनुताईंसाठीं मात्र अशी योजना कोणीं आंखून ठेविली नव्हती. त्यांनीं आपली उमेदवारी आपणच आंखली.

त्या उमेदवारीचा खरा काळ १९४५ सालीं सुरू झाला. ताराबाई मोडक हें नांव तेव्हां बालशिक्षणाच्या क्षेत्रांत सर्वतोमुखीं झालें होतें. ताराबाई १९१४ सालच्या पदवीधर; राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचें मुख्यपद सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या कार्यांत सामील झाल्या होत्या, आणि १९२६ सालीं उभयतांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला होता. लहान मुलांच्या शिक्षणाचा लाभ केवळ शहरांतील सुखवस्तु घरांस होतो, खेड्यांतील दरिद्री मूल त्यापासून दूरच राहतें, ही खंत ताराबाईंच्या मनांत होती. ती दूर करण्यासाठीं त्यांनीं १९४५ च्या डिसेंबरांत बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलें, व त्यांत अनुताई त्यांच्या सहकारी झाल्या. वय पस्तीस, गांठीं सोळा वर्षांचा अनुभव. तरीहि पुण्याचा स्थिर संसार मागें टाकून त्या समुद्रकांठच्या खेड्यांत नव्यानें विद्यार्थिनी झाल्या.

त्या मुलखाची स्थिति त्या वेळीं फार हलाखीची होती. जमीन सावकार व जमीनदार यांच्या हातीं, आणि राबणारा वारली वेठीस जुंपलेला. त्याच वर्षीं जानेवारींत आपल्या कल्याणाजवळच्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली होती, आणि त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें वारल्यांचा वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला होता. ज्याच्या आईबापांचा दिवसहि त्यांच्या मालकीचा नाहीं, त्या मुलानें वेळेवर, स्वच्छ कपडे घालून शाळेंत यावें, ही अपेक्षा कोणी करावी?

बालवाडी उघडली, परंतु ज्यांच्यासाठीं उघडली तीं मुलें येईनात. कोणताहि शिक्षक अशा वेळीं पालकांस दोष देऊन मोकळा झाला असता. आम्हींहि हजेरीपत्रकावर लाल शाई चालवून असा दोष पुष्कळदां दिलेला आहे, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. ताराबाई व अनुताई यांनीं मात्र उलट विचार केला. मूल शाळेकडे येत नाहीं, तर शाळेनें मुलाकडे जावें. हरिजन वस्तींतील घरांच्या अंगणांत त्या जाऊन बसूं लागल्या. मुलांस न्हाऊं घालावें, केंस विंचरावे, गाणीं म्हणावीं, गोष्टी सांगाव्या, खेळ खेळावे. आणि हें सर्व आयांच्या डोळ्यांदेखत चाले, त्यामुळें आयाहि शिकत. हीच अंगणवाडी होय. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणीं सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांस हेंच नांव मिळालें. आज ठाण्याच्या, कल्याणच्या वस्त्यांतून ज्या अंगणवाड्या चालतात, त्यांचें मूळ शोधीत गेल्यास बोर्डीच्या त्या अंगणांत जावें लागतें.

दुसरी अडचण साधनांची होती. मॅडम मॉन्टेसरी यांच्या पद्धतीस लागणारीं साधनें सुबक खरीं, पण महाग. खेड्यास तीं परवडणारीं नव्हतीं. तेव्हां शंख-शिंपले, बिया, खडे, पानें, माती, बांबू यांजकडून त्यांनीं तेंच काम करवून घेतलें. शिंपले मोजतां मोजतां अंक आले, पानें लावतां लावतां लहानमोठें व रंगरूप कळलें. ट्रेनिंग कॉलेजांत पहिल्या आलेल्या अनुताईंस हा धडा कोणत्याहि परीक्षेनें शिकविला नव्हता. तो बोर्डीच्या वाळूनें शिकविला.

पुढें दहाबारा वर्षांनीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें व तेथें विकासवाडी उभी राहिली. येथील आदिवासी मुलांची अडचण निराळीच होती. सातआठ वर्षांची मुलगी घरीं धाकट्या भावंडास सांभाळी, म्हणून ती शाळेंत येऊं शकत नसे. मुलगा गुरें राखी, म्हणून तोहि नसे. यावर उपाय असा काढला कीं, पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत जोडून ठेवावीं. मुलीनें कडेवरचें मूल पाळण्यांत ठेवावें, मधलें बालवाडींत बसवावें, आणि आपण निश्चिंतपणें वर्गांत जावें. गुराख्यांसाठीं तर शिक्षक कुरणांत गेले. गुरें चरत असतां झाडाच्या सावलींत जो वर्ग भरे, त्यास कुरणशाळा असें म्हणत. काम करणाऱ्यास कामावरून न उठवितां शिकवावयाचें, हें त्यामागील धोरण. ज्या बाईंनीं स्वतः दिवसाची नोकरी संभाळून रात्रीं विद्या मिळविली, त्यांस गुरें राखणाऱ्या पोराची अडचण समजावून सांगावी लागली नाहीं.

या सर्व धकाधकींत अनुताईंच्या मनांत पदवीची इच्छा जागीच होती. वय पन्नाशीच्या घरांत. टेकडीवरील कामाचा रगाडा उपसतां दिवस पुरेना. त्यांतच डोळ्यांच्या विकारानें वाचन अवघड केलेलें. मान व नांव दोन्ही मिळालेलीं असल्यामुळें पदवीवांचून त्यांचें कांहीं अडलेलें नव्हतें. तरीहि त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं, आणि १९६१ सालीं, एक्कावन्नाव्या वर्षीं, त्या बी. ए. झाल्या. प्राथमिक शिक्षिकेच्या सनदेपासून पदवीपर्यंतचें अंतर त्यांस तोडावयास बत्तीस वर्षें लागलीं; पण या काळांत त्यांचें शिकविणें सुटलें नाहीं, आणि शिकणेंहि सुटलें नाहीं.

आपण शिकलों तें दुसऱ्यांस द्यावें, हा तर त्यांचा स्वभावच होता. खेड्यापाड्यांतील बायकांस बालवाडी चालविण्याचें शिक्षण देण्याचें मोठें काम त्यांनीं केलें. आणि तें शिक्षण केवळ व्याख्यानांचें नसून मुलांत बसवून दिलेलें असे. १९७३ च्या ऑगस्टांत ताराबाई निवर्तल्या व संस्थेचा सगळा भार अनुताईंवर आला. तो त्यांनीं शेवटपर्यंत वाहिला. १९८२ सालीं प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनीं ग्राममंगल ही संस्था काढली, म्हणजे बहात्तराव्या वर्षींहि नवा आरंभ करण्याचें त्यांस भय वाटलें नाहीं. त्यांनीं पुष्कळ पुस्तकें लिहिलीं. त्यांपैकीं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हें आत्मचरित्र आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें. सरकारनें त्यांस पद्मश्री ही पदवी दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजीं, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? परिस्थिति नसतांनाहि सर्व कांहीं साधतें, असें खोटें आश्वासन आम्ही तुम्हांस देणार नाहीं. अनुताईंस बत्तीस वर्षें लागलीं, आणि त्या वर्षांतील कित्येक रात्री थकव्यानें जड झालेल्या असल्या पाहिजेत. परंतु पहिली चाकरी धरली त्या दिवशीं त्यांनीं पाटी खालीं ठेविली नाहीं, एवढें तर प्रत्येकास करतां येण्याजोगें आहे. आज सोयीहि वाढल्या आहेत. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका व शिक्षक पात्रता परीक्षा, हा प्राथमिक शिक्षकाचा मार्ग तुमच्यापुढें आहे. आणि ज्यांस लगेच कमवावें लागेल, त्यांच्यासाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांस घरबसल्या पदवीचा अभ्यास करूं देत आहे.

पालकांसहि एक विनंति आहे. लहान मुलांस शिकविणें हें हलकें काम, ज्यास दुसरें कांहीं जमत नाहीं त्यानें तें करावें, असें म्हणण्याची रीत आपल्यांत आहे. कोसबाडच्या टेकडीकडे पाहून ती आपण सोडून द्यावी. मुलगा किंवा मुलगी प्राथमिक शिक्षक होतों म्हणाली, तर तिला हंसूं नये. आणि मिळवतें झालेलें मूल रात्रीं पुस्तक उघडून बसलें, तर दिवा मालवूं नये. त्या दिव्याच्या उजेडांत उद्यां किती मुलें अक्षर ओळखतील, हें आज कोणासहि सांगतां येत नाहीं.