डंकन एडवर्ड्स

डंकन एडवर्ड्स (१ ऑक्टोबर, इ.स. १९३६ – २१ फेब्रुवारी, इ.स. १९५८) हे मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेले इंग्लिश फुटबॉलपटू होते. १९५७–५८ च्या युरोपियन कप स्पर्धेतील सामना खेळून परतताना म्युनिक येथे झालेल्या विमान अपघातात ते गंभीर जखमी झाले व पंधरा दिवसांनी मृत्यू पावले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते.

बालपण

एडवर्ड्स यांचा जन्म इंग्लंडमधील डडली या औद्योगिक गावात एका कामगार कुटुंबात झाला. धाकटी बहीण तान्हेपणीच दगावल्याने ते आईवडिलांचे एकुलते अपत्य म्हणून वाढले. शालेय वयात ते मॉरिस या पारंपरिक लोकनृत्यातही निपुण होते. नृत्यमहोत्सव आणि शालेय फुटबॉल संघाची निवड चाचणी एकाच दिवशी आली, तेव्हा त्यांनी फुटबॉलची निवड केली.

कारकीर्द

इ.स. १९५२ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाले. प्रशिक्षक मॅट बझ्बी यांनी घडवलेल्या तरुण खेळाडूंच्या या संघाला 'बझ्बी बेब्ज' म्हणत. ४ एप्रिल, १९५३ रोजी, वयाची १६ वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांतच, एडवर्ड्स मुख्य संघातून खेळले. २ एप्रिल, १९५५ रोजी स्कॉटलंडविरुद्ध त्यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. तो सामना इंग्लंडने ७–२ असा जिंकला. ते डाव्या बाजूचे हाफबॅक असले तरी बचाव आणि आक्रमण या दोन्ही जबाबदाऱ्या समर्थपणे पेलत. क्लबसाठी १७७ सामन्यांत २१ व इंग्लंडसाठी १८ सामन्यांत ५ गोल अशी त्यांची नोंद आहे. १९५५–५६ आणि १९५६–५७ अशी सलग दोन वर्षे त्यांच्या संघाने इंग्लिश लीगचे विजेतेपद मिळवले.

युरोपियन कप

इ.स. १९५५ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत भाग घेण्यापासून इंग्लिश लीगने चेल्सी क्लबला परावृत्त केले होते. पुढील वर्षी बझ्बी यांनी लीगचा विरोध न जुमानता संघ उतरवला. उपांत्य फेरीत रेआल माद्रिदने त्यांना हरवले. १९५७–५८ च्या हंगामात युनायटेडने शॅमरॉक रोव्हर्स आणि दुक्ला प्राग यांना पराभूत केले. युरोपातील सामना आठवड्याच्या मध्यास, तर लीगचा सामना शनिवारी असे. प्रागहून परतताना धुक्यामुळे संघाला बोटीने यावे लागले. तो विलंब टाळण्यासाठी बेलग्रेडच्या दौऱ्यासाठी क्लबने स्वतंत्र विमान ठरवले. ५ फेब्रुवारी, १९५८ रोजी तेथे रेड स्टारशी ३–३ अशी बरोबरी झाली आणि दोन्ही सामने मिळून ५–४ अशा फरकाने युनायटेड उपांत्य फेरीत पोहोचला. एडवर्ड्स यांचा तो अखेरचा सामना ठरला.

अपघात आणि मृत्यू

६ फेब्रुवारी रोजी विमान इंधन भरण्यासाठी म्युनिकला थांबले. उड्डाणाचे दोन प्रयत्न फसल्यावर आज परतणे होणार नाही असे समजून एडवर्ड्स यांनी मँचेस्टरमधील घरमालकिणीला तशी तार केली. ती अपघातानंतर पोहोचली. तिसऱ्या प्रयत्नात धावपट्टीवरील अर्धवट वितळलेल्या बर्फामुळे विमानाला पुरेसा वेग घेता आला नाही आणि ते धावपट्टीपलीकडे जाऊन कोसळले. विमानातील ४४ जणांपैकी २३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत संघाचे आठ खेळाडू होते. एडवर्ड्स यांचा पाय व बरगड्या मोडल्या होत्या आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली होती. कृत्रिम मूत्रपिंड यंत्राचे उपचारही अपुरे पडले. २१ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांचे निधन झाले. डडली येथील दफनभूमीत, बहिणीशेजारी, त्यांचे दफन करण्यात आले.

त्या हंगामात उर्वरित व नवख्या खेळाडूंच्या युनायटेड संघाला उपांत्य फेरीत मिलानने हरवले आणि चषक रेआल माद्रिदने जिंकला. दहा वर्षांनी, इ.स. १९६८ मध्ये, युनायटेडने तो प्रथमच पटकावला. अपघातातून वाचलेले बॉबी चार्ल्टन व बिल फोक्स त्या संघात होते आणि प्रशिक्षक बझ्बीच होते.

स्मारके

डडली येथील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये इ.स. १९६१ मध्ये एडवर्ड्स यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली. इ.स. १९९९ मध्ये गावाच्या मध्यवर्ती भागात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.